पैठण रोडवरची डब्बल

चितेगावच्या अलीकडं, पैठण रोडला लागून एक लाल डबल डेकर बस उभी असायची. त्या रस्त्यानं कधी गेला असाल तर पाहिलीच असेल, न दिसण्यासारखी ती नव्हतीच. ती माझ्या आक्काची. आता तिथं नाही. रस्ता रुंद झाला म्हणून गेली असं सगळे सांगतात, आणि चारचौघांत मीही मान डोलावतो. पण खरं ते नाही. ती माझ्या हातानं गेली, आणि हे मी आजपर्यंत कुणाला नीट सांगितलेलं नाही.

मी डेंटर आहे. गाडी ठोकली, पत्रा चेपला की लोक माझ्याकडं येतात. पोचे काढायचे, पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. चाळीस वर्षं हेच केलं. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद दखनी बोलायचे आणि दिवसातनं चारदा एकच गोष्ट ऐकवायचे, "ऐसा काम करो की मालिक कू बी मालूम नै पडना, गाडी कां ठुकी थी." मालकालासुद्धा कळता कामा नये मार कुठं बसला होता. मी ते असं काही डोक्यात घेतलं की विचारू नका. लग्नाला गेलो तर नवरदेवाआधी मला त्याच्या गाडीच्या दारावरचा पोचा दिसायचा. बायको कोपरखळी मारायची, "अहो, नवरदेव तिकडं हाय." आणि गाडी विकायची असेल, कुणी बघायला येणार असेल, तर तिला आधी हात मारून चकाचक करायची, हा तर आमच्या धंद्याचा धर्मच. मळकट गाडी गिऱ्हाइकापुढं उभी करणारा डेंटर मी अजून पाहिलेला नाही.

दाजी, म्हणजे आक्काचे मालक, मुंबईला बस ड्रायव्हर होते. डबल डेकर चालवायचे. आमच्या गावाकडं त्याचं कोण कौतुक! घरावर घर आणि ते दाजी पळवतात, असं आमची आई शेजारणीला सांगायची. त्यांची जवळजवळ सगळी नोकरी एकाच गाडीवर गेली. सिग्नलला थांबले, गर्दीत अडकले की उजवं कोपर खिडकीच्या कडेवर टेकवायचे. वर्षानुवर्षं तिथं कोपर टेकून आधी लाल रंग गेला, मग खालचा रंग गेला, मग अॅल्युमिनियमचा पत्रा उघडा पडून चांदीसारखा गुळगुळीत झाला आणि वाटीच्या बुडाएवढा खोलगट बसला.

दाजी रिटायर झाले आणि पुढं काही वर्षांनी त्या जुन्या गाड्या भंगारात निघाल्या. दाजी बघायला गेले. आवारात ओळीनं गाड्या उभ्या, नंबर खरवडून टाकलेले, एकीसारखी दुसरी. दाजींनी काय करावं? एकेका गाडीत चढायचे, ड्रायव्हरच्या जागी बसायचे, खिडकीवर कोपर ठेवायचे आणि उतरायचे. पाचव्या का सहाव्या गाडीत कोपर बरोबर बसलं. तिथनं ते उठेचनात म्हणे. शेवटी तीच गाडी घेतली आणि आक्काला फोन केला की आपली गाडी सापडली, घेऊन येतो.

इंजिन बंद होतं, म्हणून ट्रकच्या मागं बांधून आणली. दाजी खाली स्टेअरिंगला, आणि मी वरच्या मजल्यावर पुढची काच काढून, हातात वाळलेला बांबू घेऊन उभा. गावागावांतनं रस्त्यावर आडव्या गेलेल्या केबलच्या वायरी असतात, त्या बांबूनं उचलायच्या आणि गाडीच्या टपावरनं मागं सोडायच्या. विजेची तार आली की मी आधी खाली बसायचो. खालनं दाजी ओरडायचे, "झोपलास काय रे!" तीन दिवस लागले. चितेगावला पोचलो तर अर्धं गाव रस्त्यावर. आक्कानं पदर तोंडाला लावला. "अगं बया! ही ठेवायची कुठं?"

रस्त्याच्या कडेला आक्काची जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती, तिथं ठेवली. खाली चूल आणि काउंटर, वर बसून खायचं, आणि वरच्याच मजल्याच्या मागच्या अर्ध्यात पडदा लावून दोघांचा संसार. त्या मजल्यावर ताठ उभी राहू शकेल अशी एकटी आक्काच. दाजी कायम वाकून. उन्हाळ्यात टपावर ओली पोती टाकायची, तरी वरचा मजला तव्यासारखा तापायचा. पण शेवभाजी, भाकरी आणि चहा असा काही चालला की कंपन्यांतले कामगार, पाचोडच्या बाजाराला जाणारे, पैठणचे भाविक, सगळे थांबायला लागले. पाटी कुणी लावलीच नाही. लोकच म्हणायला लागले, डब्बलवर थांबू. एसटीचे कंडक्टरसुद्धा 'डब्बलवाले, चला उतरा' म्हणायचे.

काउंटरची खिडकी मी कापून दिली, तेवढीच. बाकी दाजींनी मला गाडीला हात लावू दिला नाही. मी कितीदा म्हटलं, "दाजी, दोन दिवस द्या, नवरीसारखी करतो." ते हसायचे. "तू तुझी बोटं खिशात ठेव. चहा पी अन् जा." दुपारी गर्दी ओसरली की ते केबिनमध्ये बसायचे, कोपर त्याच्या जागी, हातात चहा, आणि समोरनं जाणाऱ्या गाड्यांना शिव्या घालायचे.

दाजी गेले. साध्या तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं आणि आणलं ते तसं आणलं. आक्कानं गिऱ्हाइकांना जेवण देणं बंद केलं, नुसता चहा ठेवला, पण राहायची तिथंच. माझ्याकडं ये म्हटलं तर, "मला काय झालंय?" सकाळी उठून पहिलं काम म्हणजे ओल्या फडक्यानं केबिन पुसायचं. पुसून झालं की खिडकीच्या त्या खोलगट जागेवर तळहात ठेवून जरा वेळ उभी राहायची. मी बघायचो. मला वाटायचं, दमली असेल.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. माणसं आली, मोजमाप झालं, खुणा झाल्या. आक्काची पट्टी होतीच केवढी, सगळीच त्यात गेली. ती भांडली नाही. माझ्याकडं राहायला यायलाही तयार झाली. तिचं म्हणणं एकच होतं. "तुकडे नाय व्हायचे तिचे. कुठं बी जाऊ दे, लांब जाऊ दे, पण अख्खी जाऊ दे." मी म्हटलं, आक्का, तो माझा शब्द. मोठा शब्द देणारा!

आणि खरंच नशीब उघडल्यासारखं झालं. कधीतरी चहाला थांबलेल्या कुणीतरी गाडीचे फोटो काढले होते. ते फिरत फिरत पुण्याकडच्या काही लोकांपर्यंत पोचले. जुन्या बस, जुने ट्रक गोळा करून जपणारी हौशी माणसं. त्यांच्यातल्या एका गृहस्थांचा मला फोन आला. म्हणाले, आमच्याकडं मोठी शेड आहे, एका डबल डेकरची जागा आहे, पुढच्या रविवारी बघायला येतो. जमलं तर नेण्याची सोय आम्हीच करू.

आक्काला सांगितलं तर ती खालीच बसली. "सावलीत ठेवतील का रं?"

"शेड हाय म्हणतेत."

"पावसात नाय भिजायची मंग." दाजी गेल्यापासून तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच आठवड्यात पाचोडला तिच्या नणंदेचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. जवळ बसायला कुणी नाही, म्हणून आक्का गेली. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "रविवारी सकाळच्या गाडीनं येते. तेवढी पाणी मारून धुवून ठेव."

धुवून ठेव म्हणाली. एवढंच म्हणाली होती. धुवून गप घरी गेलो असतो तर आज हे लिहायची पाळी आली नसती. पण पाणी मारलं आणि उन्हात ती गाडी बघितली, तर काय सांगू! सगळ्या अंगावर पोचे, रंगाचे पोपडे, ठिकठिकाणी ओरखडे. अरे, मुलगी बघायला पाहुणे येणार आणि मुलीला पारोशी बसवायची? भाऊ डेंटर, आणि बहिणीची गाडी अशी? लोक तोंडात शेण घालतील. आणि मनात दुसरंही होतंच, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं दाजींनी हात लावू दिला नव्हता. आता अडवायला कुणी नव्हतं.

गॅरेज बंद ठेवलं, दोन कारागीर घेतले आणि कामाला लागलो. मशीननं रंग घासला. लालखाली जुना लाल, त्याच्याखाली आणखी गडद लाल, थर उडत होते आणि आमच्या भुवया, मिशा सगळं लाल. आत जिन्याजवळ प्रवाशांसाठी रंगानं लिहिलेल्या जुन्या सूचना होत्या, अर्ध्या पुसट झालेल्या. त्याही घासल्या, भिंत कशी साफ दिसली पाहिजे. जिन्याच्या दांड्यावर हातांनी झिजलेले पट्टे होते, तिथं रंग चढवला. पोचे काढले, जे निघेनात तिथं पुट्टी भरली. आणि दाजींची खिडकी मी कारागिरांना दिली नाही. ती मी स्वतः केली. म्हटलं, ही दाजींची जागा, ही सगळ्यांत देखणी झाली पाहिजे. घासून पुट्टी भरली, सुकू दिली, परत घासली, परत भरली, आणि रंगाचे तीन हात दिले. बोट फिरवलं तर काचेसारखं. इतकं चांगलं काम माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. उस्ताद असते तर पाठ थोपटली असती.

तुम्ही म्हणाल, तुला माहीत नव्हतं? होतं की! कोपराची गोष्ट मीच दहा गिऱ्हाइकांना रंगवून सांगितली होती. पण हातात पुट्टीची पट्टी असली की मला खड्डा दिसतो. दुसरं काही दिसतच नाही. याला काय म्हणायचं ते म्हणा.

रविवारी सकाळी गाडी उन्हात अशी चमकत होती की रस्त्यावरचे मोटरसायकलवाले वेग कमी करून बघायचे. पाचोडकडनं एसटी आली, आक्का उतरली. हातात पिशवी, डोळ्यावर हात धरून बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, शाब्बास रे माझ्या वाघा. मी छाती काढून उभा. तिनं पिशवी तशीच धुळीत ठेवली आणि सरळ केबिनकडं गेली. दार उघडून वर चढली. खिडकीच्या कडेवर तळहात ठेवला. मग जरा पुढं सरकवला. मग मागं. पुन्हा पुढं.

"कुठाय?" ती म्हणाली.

"काय कुठाय?" मी विचारलं. आणि माझं तोंड अजून बंद झालं नव्हतं तोवर मला कळलं.

आक्का आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. ती तळहात तिथंच ठेवून बसली होती आणि हळूहळू तो फिरवत होती, अंधारात काडेपेटी चाचपावी तशी.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. गृहस्थ सभ्य, पन्नाशीचे. आले, नमस्कार केला आणि गाडीकडं बघून त्यांचा चेहरा उतरला. तो उतरलेला मी पाहिला. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, नखानं टकटक करून पाहिलं, जिन्यानं वर जाऊन आले. मग विचारलं, "हे कधी केलं?"

"परवा संपलं," मी म्हटलं. "सगळं घरचंच काम. पैशाचा प्रश्न नाही."

त्यांनी केबिनकडं बोट केलं. "फोटोत ड्रायव्हरच्या खिडकीवर एक झीज दिसली होती. कोपराची असावी. आतल्या त्या जुन्या सूचनाही होत्या. खरं सांगू? त्याच्यासाठीच एवढ्या लांबून आलो होतो."

"मी घासून काढतो की! दोन दिवसांत जुना रंग वर आणतो."

"जुना तुम्ही घासून टाकलाय हो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त लागलं. "नवा रंग आम्हालाही देता येतो. ह्या गाडीत आता मूळची गाडी किती आणि तुमचं काम किती, हे कुणाला सांगता येणार नाही. जागा एकाच गाडीची आहे. दुसरीकडं एक उभी आहे, गंजलेली, पण तिला कुणी हात लावलेला नाही. आम्हाला ती न्यावी लागेल."

आक्कानं त्यांना चहा दिला. त्यांनी तो उभ्यानं प्याला, आक्काला हात जोडले आणि गेले. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. लहानपणापासून ऐकलेली म्हण, पण कळायला साठी यावी लागली.

ते गेल्यावर मी वेड्यासारखा केबिनमध्ये चढलो. पुट्टी खरवडून काढली. खाली मशीनच्या रेघोट्या असलेला खडबडीत पत्रा निघाला. तो पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायला बसलो. मग, लाज वाटते सांगायला, माझं कोपर तिथं ठेवून घासत बसलो. खालनं आक्का म्हणाली, "उतर आता. घरी जा."

पुढं मी पुष्कळ धावपळ केली. शाळांना विचारलं, हॉटेलवाल्यांना विचारलं, एका मंगल कार्यालयाच्या मालकापुढं हात जोडले. उंच आहे, जागा नाही, आमच्याकडं पोचायच्या आत तारांत अडकेल. सगळ्यांची उत्तरं खरी होती. रस्त्यासाठी दिलेली मुदत संपत आली आणि भंगारवाला तेवढा राहिला. तो आपली माणसं पाठवतो म्हणाला.

"परक्या माणसानं नाय कापायची," आक्का म्हणाली. "तू काप."

हे तिनं शिक्षा म्हणून सांगितलं की दुसरं कुणी नको म्हणून, मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

दोन दिवस लागले. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला गॅसकटर चालत नाही, तो वितळून लोंबायला लागतो. पत्रे जोडणाऱ्या एकेका रिबिटीचं डोकं छिन्नीनं उडवून पत्रे सोडवावे लागतात. मग आतले लोखंडी खांब कटरनं कापायचे. माझ्या नव्या रंगाचा जळका वास सगळ्या रस्त्यावर सुटला होता. आक्का समोर लिंबाखाली खुर्ची टाकून बसली होती, दोन्ही दिवस, सकाळपासून. एकदाही नजर दुसरीकडं नेली नाही. मी मधेच पाणी प्यायला गेलो तर तिनं तांब्या दिला आणि म्हणाली, "खालचा मजला उद्या ठेव, दमलास." मला रडू फुटलं.

आता तिथनं रुंद रस्ता जातो. आक्का माझ्याकडं असते, शहरात, आतल्या खोलीत. माझ्या नातवंडांचे केस विंचरते, बायकोला भाजी निवडून देते, माझ्याशी नीट बोलते. चहा देते, कुठं चाललास विचारते, उशीर झाला तर रागावते. गाडीचा विषय तिनं एकदाही काढलेला नाही. येताना तिनं एक पत्र्याची पेटी आणि थोडी भांडी आणली होती. पातेली, डाव, दोन ताटं आणि ती चहाची मोठी किटली. पहिले काही दिवस ही भांडी आमच्या मांडणीवर आमच्या भांड्यांत होती.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि सहज किटली हातात घेतली. तिला एका अंगाला चांगला मोठा पोचा होता. दाजींच्या हातनं पडली होती की गिऱ्हाइकाच्या, कोण जाणे. मी ती खिडकीपाशी उजेडात नेली आणि अंगठ्यानं पोच्याची खोली बघितली. एवढंच. देवाशपथ, हातोडी मी घेतली नव्हती. मागं वळलो तर दारात आक्का उभी. मी किटली मांडणीवर ठेवली आणि बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी तिची सगळी भांडी मांडणीवरनं गेली होती. पेटीत भरून तिनं पेटी पलंगाखाली सरकवली होती आणि तिला पितळी कुलूप घातलं होतं. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. बायको माझ्याकडं बघायला लागली. मी हसण्यावारी न्यायचं ठरवलं. आक्का वाती वळत बसली होती, तिच्यापुढं जाऊन बसलो.

"आक्का, कुलूप कशाला गं? घरात चोर हाय का कुणी?"

तिनं हातातली वात पुरी केली, ताटलीत ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, नुसतं सांगितलं.

"चोर नाय रं. तू हायस."